पोळ्याची झडती, मुंबईचा पोएट्री स्लॅम आणि आपलं गाव

वाचनालयवाला

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितो आहे, सांभाळून घ्या.

मी आर्वी तालुक्यातला. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. संध्याकाळी गावच्या ड वर्ग वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. कविता लिहितो, वऱ्हाडीत. या उन्हाळ्यात मावसभावाकडं मुंबईला गेलो होतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, "दादा, तुझं नाव टाकलं आहे स्लॅमला. वहीतली एक कविता पाठ कर, पण तीन मिनिटांत बसली पाहिजे."

स्लॅम म्हणजे काय हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरची एक खोली, काळा पडदा, एक माईक, ऐंशीएक माणसं. हार नाही, समई नाही, अध्यक्ष नाही. एका मुलीनं उभ्याउभ्या नियम सांगितले. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर गुण कापले जाणार. वाद्य नाही, वेश नाही, हातात कुठली वस्तू नाही. मग तिनं समोर बसलेल्यांतूनच पाच जण निवडले आणि त्यांच्या हातात पाट्या दिल्या. त्यातला एक तर मैत्रिणीला सोबत म्हणून आला होता, कवितेशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी तो परीक्षक. प्रत्येकानं शून्य ते दहा, दशांशासकट गुण द्यायचे. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडायचा, मधल्या तिघांची बेरीज करायची. तीसपैकी.

माझा नंबर सातवा. मी शेतातल्या पाण्याच्या मोटरीची कविता म्हटली :

रातच्या दोनले लाइन येते,
बाप बॅटरी घेऊन निंघते.
घड्यायात कितीक बी वाजो,
आमच्या घरी तवाच उजाडते.

"दोनले" ऐकून दोनतीन जण हसले. वऱ्हाडी कानावर पडली की आता विनोद येणार असं शहरातल्या माणसाला वाटतं, कारण त्यानं ती बोली बहुतेक विनोदासाठीच वापरलेली पाहिली आहे. चौथ्या ओळीला हसू थांबलं. मग त्यांनी टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवल्या. तिथं कविता चालू असताना दाद द्यायची ती रीत आहे, म्हणजे शब्द बुडत नाहीत. मला २४.१ मिळाले. अकरा जणांत पाचवा आलो.

नंबराचं मला काही नाही. मनात राहिली ती दुसरी गोष्ट. अकरा कवी, दीड तास, आणि प्रत्येकाला सारखीच तीन मिनिटं. दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनाला गेलो होतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांची मनोगतं. आम्हा नव्या पोरांची पाळी रात्री पावणेबाराला आली, आणि सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी दोनच ओळी." माझ्या शेजारी अकरावीतली एक मुलगी बसली होती. तिचे वडील गाडी घेऊन बाहेर थांबले होते. तिची पाळी येण्याआधीच ती गेली. ती वही पोटाशी धरून उठली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तर माझा प्रश्न : आपल्या गावांत असा स्लॅम जमेल का? करावा का? पोळा महिन्यावर आला आहे. मोकळेपणानं सांगा.

झाडीतला

गडचिरोलीतल्या वडशाकडचा आहे, म्हणून आधी शंका मांडतो. तीन मिनिटांत काय होतं? आमच्याकडं माणूस रात्रभर बसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा पट्टा. धान निघालं, दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, आणि मग होळीपर्यंत नाटकाचा हंगाम. वडशाच्या एका रस्त्यावर नाटक मंडळांची कार्यालयं ओळीनं आहेत. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं. त्या दिवशी गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असली तर घराघरांत पाहुणे उतरतात आणि रात्री सगळे मिळून नाटकाला. दहाच्या सुमारास पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. माणसं घरून चादर आणतात, लेकरं मांडीवर झोपतात, पण बाया उठत नाहीत. या रंगभूमीवर उभी हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले.

सांगायचं हे, की आमच्याकडच्या प्रेक्षकाला धीर आहे. त्याला घड्याळ लावून ऐकायला शिकवू नका गा.

बाकी तुमची त्या मुलीची गोष्ट मनाला लागली.

गुरुजी_दारव्हा

वाचनालयवाला, छान लिहिलंत. मी निवृत्त शिक्षक. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं.

तुम्ही मुंबईत पाहिलंत त्यातलं बरंच आपल्याकडं आधीपासून आहे, फक्त त्याला आपण कविता म्हणत नाही. पोळ्याची झडती आठवा, बैलांसमोर म्हणायच्या त्या यमकांच्या ओळी. तोरणाखाली बैल रांगेत उभे असतात. वाजंत्री थांबते. एका टोकाकडून एक जण झडती सुरू करतो, स्वतः जुळवलेली. शेवटाला सगळं गाव एका आवाजात साथ देतं, आणि लगेच दुसऱ्या टोकाकडून उत्तर येतं. कोणाची झडती भारी, ते आवाजावरून तिथंच ठरतं. वेळ किती? एक मिनिट. वाद्य? बंद. गेल्या पोळ्याला आमच्या गावातला एक पदवीधर पोरगा म्हणाला :

चाकोरी रे चाकोरी, गाडीची चाकोरी,
पंधरा वर्सं शिकलो, भेटली नाई नोकरी,
अर्जावर अर्ज गेले, येईना चिठ्ठी,
बाप म्हने पोट्ट्या, धर आता काठी!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

त्या "हर हर महादेव"मध्ये किती आवाज मिळाले हाच त्याचा गुण. मी तिथं उभा होतो. त्याचा बापही उभा होता, बैलाची वेसण धरून.

दुसरं, गाडगेबाबांचं कीर्तन. बाबा व्यासपीठावरून सांगत नसत, विचारत. लोक उत्तर देत, मग त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. १९५६ साली, गेले त्याच्या महिना-दीड महिना आधी, मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. जरूर ऐका. शेंडगावचा माणूस मुंबईच्या पोलिसांसमोर आपल्याच बोलीत उभा आहे, आणि कोणाची हसण्याची छाती होत नाही. "दोनले"वर हसू आलं म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सुरेश भट अमरावतीचे, जन्म १९३२. गझल त्यांनी माणसांसमोर म्हटली, आणि नव्या पोरांना पत्रं लिहून तंत्र शिकवलं. विठ्ठल वाघ, शंकर बडे यांनी वऱ्हाडी कविता पुस्तकातून उचलून मंचावर नेली. तेव्हा, करा. फक्त त्याला मुंबईहून आणलेली वस्तू समजू नका.

पोट्टा_पुसदचा

+१. गुरुजी, झडती वाचून अंगावर काटा आला.

वणीकर_सध्या_जर्मनी

मूळचा वणीचा, चार वर्षं झाली जर्मनीत नोकरीला आहे. इथं स्लॅमचं प्रस्थ मोठं आहे, म्हणून थोडी माहिती देतो.

हा प्रकार अमेरिकेतल्या शिकागो शहरात सुरू झाला. मार्क स्मिथ नावाचा बांधकामावर काम केलेला कवी. त्याची तक्रार वाचनालयवाल्यांसारखीच होती : कवितावाचनाला कवीच येतात, कवीच ऐकतात आणि कवीच झोपतात. १९८४ मध्ये त्यानं एका छोट्या बारमध्ये दर सोमवारी माईक खुला केला. १९८६ मध्ये ग्रीन मिल या जुन्या जॅझ क्लबमध्ये स्पर्धेचं रूप दिलं. परीक्षक मुद्दाम साधी माणसं घेतली, कारण कवितेनं बाहेरच्या माणसाला धरून ठेवलं पाहिजे हाच त्याचा मुद्दा होता. त्यानं मंचावर स्वतःचं नाव सांगितलं की समोरचे ओरडायचे, "मग काय?" म्हणजे नावाला इथं मान नाही, तू आता काय म्हणतोस ते दाखव. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

पण नियम दगडावरची रेघ नाहीत. जर्मनीत वेळ बहुतेक ठिकाणी पाच-सहा मिनिटं देतात, आणि पुष्कळदा पाट्याच नसतात, टाळ्यांच्या आवाजावर ठरवतात. गुरुजींनी सांगितलेल्या झडतीसारखंच. २०१६ साली जर्मनीनं स्लॅमला आपल्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे शिकागोहून आलेली वस्तू तीस वर्षांत त्यांची झाली, कारण त्यांनी ती आपल्या भाषेत आणि आपल्या सोयीनं केली.

झाडीतला भाऊ, तीन मिनिटं ऐकणाऱ्यासाठी नाहीत. म्हणणाऱ्यासाठी आहेत. माईक हातात आला की सोडवत नाही, त्याला ती वेसण आहे.

झाडीतला

हे पटलं. माईक न सोडणारे आमच्याकडंही आहेत, आणि ते नाटकवाले नाहीत.

एक भर घालतो. खडीगंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, शाहीर गात असताना कोणी दहा रुपये, कोणी एक्कावन्न रुपये मंचावर पाठवतो. शाहिराला गाणं तोडून त्याचं नाव घ्यावं लागतं. जो जास्त देतो त्याची फर्माईश आधी. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबात कितीदा असं झालं आहे की जवाब चांगला होता, पण पैसा दुसऱ्या बाजूनं पडला. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून मी हे पाहिलं आहे. ते डफ वाजवायचे. म्हणून पाच साधी माणसं आणि सगळ्यांच्या पाट्या सारख्या, यात मला एक न्याय दिसतो. फक्त पाच जण निवडणार कोण?

डफ_आणि_दिमडी

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. पाच जण निवडणार कोण, आणि कार्यक्रम होणार कुठं?

मी मोझरीच्या जवळचा. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला रात्रभर भीमगीतं होतात, दोन गायक-पार्ट्यांचा सामना असतो. आमच्या आजोबांच्या पिढीनं आंबेडकरी जलसे केले. डॉक्टर बाबासाहेबांचा विचार न वाचता येणाऱ्या माणसापर्यंत त्या मंचानं नेला. तेव्हा मंच काय करू शकतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण सामना आमच्या वस्तीत होतो, आणि गावातली बाकीची माणसं रस्त्यावर उभी राहून ऐकतात, आत येऊन बसत नाहीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कार्यक्रम मंदिराच्या पारावर घेतला तर आमची पोरं अशीच रस्त्यावर उभी राहतील, एवढंच लक्षात आणून देतो.

त्यामुळं माझं म्हणणं : शाळेत घ्या. जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांची असते. परीक्षक चिठ्ठी टाकून काढा, सगळ्यांसमोर, लहान पोराच्या हातानं.

आणि वाद्य नको हा नियम मला खटकतो. खंजिरीशिवाय आमच्याकडं शब्द उभाच राहत नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणून गावं जागी केली. त्यांच्या नावानं होणाऱ्या खंजिरी भजन स्पर्धांत परीक्षक गुणही देतात. म्हणजे गुण देणं आपल्याला नवं नाही, वाद्य काढून घेणं नवं आहे.

वणीकर_सध्या_जर्मनी

वाद्याचा नियम अशासाठी, की ज्याच्याकडं साथीदार नाही, तबलजीला द्यायला पैसे नाहीत, तो मागं पडू नये. पण तुमचा मुद्दा खरा आहे. मांडी किंवा टाळी चालेल असं ठेवता येईल. शरीर सगळ्यांकडं असतं.

रानफूल

बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, पहिल्यांदाच लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. मी नववीत असताना बाबा गेले. कसे गेले ते इथं लिहीत नाही, आमच्या भागात ते सांगावं लागत नाही. पुढं कॉलेजात मी त्यावर कविता लिहिली. लिहिली कारण रात्री झोप येत नव्हती. एका प्राध्यापकांनी स्पर्धेत म्हणायला लावली. पहिला नंबर आला. सगळे रडले. मग दुसऱ्या स्पर्धेत, मग तिसऱ्या. चौथ्या ठिकाणी मी कपाशी वेचणाऱ्या बायांवर नवी कविता नेली होती, तर आयोजक हळूच म्हणाले, "ताई, ती वडिलांचीच म्हणा ना, तिचा परिणाम होतो."

त्या दिवशी मी ती म्हटली. मधल्या एका ओळीला माझा आवाज नेहमी थरथरायचा. त्या दिवशी तो आपोआप थरथरला नाही, आणि मी तो मुद्दाम थरथरवला. घरी आल्यावर आईच्या तोंडाकडं बघवलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी कुठंही कविता म्हटली नाही.

म्हणून विचारते. पाटीवर आकडा लिहायचा असेल तर माणूस आपल्याजवळचं सगळ्यांत जड ते काढून ठेवणार. ज्याच्याजवळ जड काही नसेल तो दुसऱ्याचं उचलून आणणार. वाचनालयवाले दादा, मुंबईत त्या संध्याकाळी असं कोणी केलं का? खरं सांगा.

वाचनालयवाला

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री काहीच लिहू शकलो नाही.

हो. नववी कविता म्हणायला एक मुलगा उभा राहिला. आमच्या भागाचं नाव घेऊन, फास, विहीर, कर्ज, विधवा, सगळं तीन मिनिटांत. शब्द चांगले होते, आवाज फार चांगला होता. त्याला त्या दिवशीचे सगळ्यांत जास्त गुण मिळाले. नंतर जिन्यात मी त्याला विचारलं, "कोणत्या गावचं?" तो म्हणाला, कधी गेलो नाही, बातम्या वाचून लिहिलं. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच कळवळा होता. मूळ लेखात मी हे लिहिलं नाही, कारण मला ते कसं मांडावं ते समजत नव्हतं. मला हारल्याचं दुःख झालं आहे असं वाटलं असतं. तुम्ही मांडलंत.

हे मी नियम लिहून टाळू शकत नाही. कोणत्या विषयावर लिहू नये असं सांगणारा मी कोण? पण गुणांचं काय करायचं?

गुरुजी_दारव्हा

बेटा रानफूल, तू लिहिलंस हे फार मोठं केलंस. आवाज मुद्दाम थरथरवल्याचा ठपका स्वतःवर ठेवू नकोस. तू वीस वर्षांची होतीस आणि समोर मोठी माणसं मागत होती. चूक मागणाऱ्यांची.

वाचनालयवाला, गुणच नका ठेवू.

डफ_आणि_दिमडी

गुरुजींचा मान राखून सांगतो, गुण काढून टाकले तर पुन्हा मानपान येईल. कोणाला आधी बोलवायचं, कोणाला शेवटी, कोणाचा सत्कार. पाटी आहे म्हणून सरपंचाचा पोरगा आणि गायक्याचा, म्हणजे गुराख्याचा पोरगा एका रांगेत येतात. ती पाटी मला हवी आहे.

रानफूल

मलाही पाटी नको असं म्हणायचं नव्हतं. झोपताना एक सुचलं ते सांगते. कवितेच्या आधी म्हणणाऱ्यानं फक्त दोन शब्द म्हणायचे : "पाटी उपडी." मग पाचही जणांनी पाट्या उलट्या करून मांडीवर ठेवायच्या. ती कविता ऐकायची, आकडा नाही. कारण विचारायचं नाही. ज्याला मोजून हवं आहे त्याला मोजून मिळेल, ज्याला नुसतं म्हणायचं आहे त्याला म्हणता येईल. निर्णय म्हणणाऱ्याचा.

झाडीतला

हा नियम शिकागोला पाठवा गा कोणीतरी.

वाचनालयवाला

ठरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. त्या दिवशी शेतात काम नसतं आणि दुपारी लेकरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा झालेला असतो, त्यामुळं लेकरंबाळं, बाया सगळे बाहेर असतात. मुख्याध्यापकांनी पाट्या, खडू आणि घंटा दिली. आठ वाजता संपवायचंच, म्हणजे मुलींना घरी जायला उशीर होणार नाही.

वाचनालयवाला

झालं! सविस्तर लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांचा यात हात आहे.

चौदा नावं आली. त्यात पाच बाया-मुली, पैकी दोघी शेजारच्या गावाहून. ऐकायला दीडशेच्या वर माणूस. व्हरांडा पुरला नाही, पटांगणात ताडपत्र्या टाकल्या. परीक्षकांच्या चिठ्ठ्या पहिलीतल्या एका पोरीनं काढल्या. निघाले ते असे : किराणा दुकानदार, नववीतली मुलगी, अंगणवाडीताई, पाहुणा म्हणून आलेला एक एसटी कंडक्टर आणि आमचा गायकी, गावची गुरं चारणारा. त्याला लिहिता येत नाही, त्याच्या पाटीवर आकडा शेजारचं पोरगं लिहिणार असं ठरलं.

पहिली अडचण लगेच. दशांश कोणाला समजेना. आठ पूर्णांक तीन म्हणजे किती हे अंगणवाडीताई समजावत होत्या, तेवढ्यात गायकी म्हणाला, "मले त सवाआठ द्याचे हाये." तिथंच प्रश्न मिटला. सवा, साडे, पावणे. सगळ्या गावाला पाव-अर्धा-पाऊण येतो. बेरीज मी वहीवर केली.

दुसरी अडचण गंभीर होती. पहिली कविता गावातल्या एका वजनदार घरच्या मुलाची. साधीच होती. पण पाचही पाट्यांवर साडेनऊच्या वर. परीक्षक एकमेकांच्या पाटीकडं पाहत होते, आणि त्याचे वडील पुढं बसले होते. मी थांबवलं. पाच जणांना पटांगणाच्या पाच कोपऱ्यांत बसवलं, आणि घंटा वाजली की सगळ्यांनी एकदमच पाटी वर करायची असं सांगितलं. पुढचे आकडे मोकळे पडू लागले. चार कवितांनंतर त्या मुलानं स्वतः येऊन म्हटलं, माझे गुण खोडा, मी शेवटी पुन्हा म्हणतो. मला त्याचा फार अभिमान वाटला. दुसऱ्यांदा त्याला साडेएकवीस मिळाले आणि तो खूश होता.

पाऊस आला. टिनाखाली सातव्या नंबरावरच्या मुलीचा शब्दन् शब्द बुडाला. सर थांबल्यावर तिला पुन्हा उभं केलं.

चुटक्यांचा प्रयोग मी केला नाही. लोकांनी आपलंच सुरू केलं. बरी ओळ आली की "हर बोला!" कोणी सांगितलं नव्हतं, कालचा पोळा अंगात होता. काही जणांनी झडत्याच म्हटल्या, आणि एकानं मांडीवर ठेका धरून तीन मिनिटांत कापसाच्या भावाची सगळी कथा सांगितली, वजनाचा काटा, मालातली कटती, पैशांचा चुकारा, सगळं. पहिला नंबर त्याचा. २७ पूर्ण.

"पाटी उपडी" एकदाच झालं. चाळिशीचा एक माणूस, जन्मात कधी माईकसमोर उभा न राहिलेला. कागद नव्हता. बैलजोडी विकली त्या दिवशी रिकाम्या कोठ्यात तो रात्री उठून वैरण टाकायला गेला, एवढंच त्यानं सांगितलं. कविता म्हणावी की नाही हेही मला ठरवता येत नाही. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. पाच पाट्या उलट्या होत्या आणि दीडशे माणसांना टाळी वाजवायची की नाही ते कळेना. शांतता फार लांबली. तो अवघडून खाली बसला, हे मला बरं वाटलं नाही. पुढच्या वेळी अशा कवितेनंतर काय करायचं ते ठरवायला पाहिजे. मला वाटतं गुरुजींच्या झडतीसारखं सगळ्यांनी मिळून काहीतरी एक म्हणावं. सुचवा.

आठला दहा मिनिटं कमी असताना संपलं. त्या अकरावीच्या मुलीचं घर मला माहीत नाही, नाहीतर बोलावणं पाठवलं असतं.

डफ_आणि_दिमडी

कोण कुठं बसलं होतं?

वाचनालयवाला

ताडपत्रीवर जागा मिळेल तिथं. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन घरची माणसं फाटकाशीच उभी राहिली, दोन्ही बाजूंची. पण पाऊस आला तेव्हा सगळे एका टिनाखाली आले, आणि सर गेल्यावरही बरेच जण तिथंच बसून राहिले.

गुरुजी_दारव्हा

शांततेनंतर काय, यावर : "ऐकलं" एवढंच म्हणावं. सगळ्यांनी, एका आवाजात. म्हणणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

झाडीतला

"ऐकलं गा." आमच्याकडं असंच म्हणू. मंडईत एक रात्र मागतो आहे मंडळाकडं, नाटकाच्या आधी अर्धा तास. नियम उतरवून घेतले.

रानफूल

दादा, वृत्तांत आईला वाचून दाखवला. कोठ्याच्या ठिकाणी तिनं परत वाचायला सांगितलं.

पुढचा कधी आहे? वेचणी संपल्यावर असेल तर मी येईन. पुलगावपर्यंत रेल्वे, पुढं एसटी, परतीची गाडी सापडली नाही तर कोणाच्या घरी मुक्कामाची सोय लागेल. नवी कविता लिहिली आहे, एसटीच्या पासावर. बारावीपासून ते पहिल्या नोकरीपर्यंतचे सगळे पास मी डब्यात जपून ठेवले होते, त्यांवर. तीन मिनिटं पाच सेकंद होते आहे, कापते.

पाटी उपडी करू नका. गुण द्या, आणि खरे द्या.

वाचनालयवाला

संक्रांतीनंतरचा रविवार धरला आहे. मुक्काम आमच्याकडं, माझी आई आणि बायको दोघी घरी असतात. नाव लिहिलं. नंबर चिठ्ठीनंच निघेल, ताई.